काजळ, गेरू आणि अजिंठ्याचा कडा

अजिंठ्याची सहल म्हटली की घरोघरी एकच चित्र. यजमान आणि मुलं लेण्यांत, आणि बाई बाहेर सावलीत डबे, बाटल्या नि चपलांचा ढीग सांभाळत बसलेली! मैत्रिणींनो, या खेपेला डबा फक्त दशम्या आणि शेंगदाण्याच्या चटणीचा ठेवा, पिशवी पाळीपाळीने सगळ्यांच्या खांद्यावर द्या, आणि स्वतः आत जा. तिथे पाहायचं आहे ते तुमच्या ओळखीचंच आहे.

छत्रपती संभाजीनगरहून अजिंठा सुमारे 100 कि. मी. सकाळी लवकर निघावं. सोमवारी लेणी बंद असतात, एवढं ध्यानात ठेवा. फर्दापूर फाट्यावर आपली गाडी लावून पुढचे 4 कि. मी. बसने जायचं. सासूबाईंना पायऱ्या झेपत नसतील तर डोलीवाले मिळतात. दर मात्र आधी ठरवा.

वर पोचलात की लगेच चित्रांकडे धावू नका. नदीच्या वळणावरचा तो घोड्याच्या नालासारखा कडा आधी डोळे भरून पाहा. हा काळा दगड म्हणजे सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी थरावर थर पसरत गेलेला लाव्हा. तो थंड होताना आत वायूचे बुडबुडे अडकले आणि ढोकळ्याला पडते तशी जाळी पडली. पुढे त्या पोकळ्यांत पाणी झिरपलं, खनिजं साठली. कुठे पांढरे स्फटिक, कुठे फिकट गुलाबी, तर कुठे नुसती हिरवी माती.

चित्रांतला हिरवा रंग या अशाच हिरव्या मातीचा! लाल म्हणजे आपण कुंड्यांना लावतो तो गेरू. पिवळा तोही मातीचाच. ही पिवळी माती भाजली की लाल होते, कारण दोन्हींत रंग लोखंडाचा. काळा रंग दिव्याच्या काजळीचा. म्हणजे आजीने घरी धरलेलं काजळच की! फक्त निळा दूरचा, अफगाणिस्तानातल्या मौल्यवान दगडाचा. भिंतीसुद्धा आधी लिंपलेल्या: मातीत तूस, गवत कालवून. सारवणाचा हात ज्यांना ठाऊक, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

पहिल्या लेण्यात पद्मपाणीसमोर दोन मिनिटं नुसतं उभं राहा. डोळे अंधाराला सरावले की रंग एकेक करून वर येतात. हात मात्र कुणीही लावू नये, मुलांना आधीच बजावा. 1920 च्या सुमारास निजाम सरकारने इटलीहून तज्ज्ञ आणले. त्यांनी चित्रं टिकावीत म्हणून लावलेलं लाखेचं रोगणसुद्धा पुढे पिवळं पडलं. मग आपल्या घामट बोटांचं काय सांगावं?

खाली आलात की स्फटिक विकणारे गराडा घालतील. पांढरे, फिकट गुलाबी, पारदर्शक हिरवट तुकडे निसर्गतः मिळतात. भडक जांभळा किंवा निळा दिसला तर ओला रुमाल फिरवून बघा, आणि भाव करायला लाजू नका. कड्याचा दगड मात्र स्वतः उकरून आणायचा नाही.

चित्रं असलेल्या लेण्यांत चपला काढाव्या लागतात, तेव्हा पट्ट्यांच्या सँडलपेक्षा साध्या चपला बऱ्या. आणि दशम्या खाली उतरल्यावरच सोडा. वरची माकडं पिशवीची गाठ आपल्यापेक्षा लवकर सोडतात.