परतीची कूच

28 ऑगस्ट 1965 रोजी मेजर रणजितसिंग दयाळ यांच्या तुकडीनं हाजी पीर खिंड घेतली. सहा महिन्यांच्या आत ती सोडावी लागली. 10 जानेवारी 1966 च्या ताश्कंद करारानुसार भारत आणि पाकिस्तान दोघांच्याही फौजांना 25 फेब्रुवारीपर्यंत 5 ऑगस्टपूर्वीच्या जागी परतायचं होतं. संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण त्या वाटाघाटींना हजर होते. करार झाला त्याच रात्री पंतप्रधान शास्त्रीजी गेले, आणि खिंड का दिली याचं उत्तर मागे उरलेल्यांनी द्यायचं झालं.

1971 च्या युद्धानंतर ढाक्यातून परतणं त्यामानानं सोपं गेलं, कारण जाण्याची घाई यजमान आणि पाहुणा दोघांनाही होती. 12 मार्च 1972 ला शेख मुजीब यांनी निरोपाची सलामी घेतली. इंदिरा गांधी पाच दिवसांनी तिथं पोहोचल्या.

पश्चिमेला मात्र वर्ष गेलं. सिमला करार जुलैत झाला, पण जम्मूजवळच्या ठाकोचक या एवढ्याशा गावावरून घोडं अडलं. माघार संपली ती 20 डिसेंबर 1972 ला. सिंधमधल्या थरपारकरची हजारो हिंदू कुटुंबं मात्र भारतीय फौज गेल्यावर घरी परतली नाहीत. ती बाडमेरकडेच राहिली.

सर्वांत महागडी माघार मात्र न झालेल्या युद्धातली. संसदेवरील हल्ल्यानंतर, डिसेंबर 2001 मध्ये, ‘ऑपरेशन पराक्रम’ सुरू झालं. मथुरा, अंबाला, भोपाळच्या स्ट्राइक कोअरना सीमेवर पोहोचायला सुमारे तीन आठवडे लागले. तेवढ्यात मुत्सद्द्यांनी डाव हातात घेतला होता. दहा महिने रणगाडे तिथंच उभे. 16 ऑक्टोबर 2002 ला परतीचा निर्णय झाला, पण पेरलेले लाखो भूसुरुंग कोण काढणार? राजस्थानात वारा सुटला की वाळूबरोबर सुरुंगही जागा बदलत. नकाशावर एक, जमिनीवर दुसरंच. सॅपर वीतवीत जमीन चाचपत पुढं सरकायचे. पंजाबातला शेतकरी तोवर बांधावरूनच आपलं शेत बघायचा. एकही लढाई न होता शेकडो जवान त्या तैनातीत बळी पडले किंवा जायबंदी झाले.

सीमेवर पोहोचायला झालेल्या उशिराचा धडा लष्करानं घेतला. अवजड कोअरची वाट न बघता सीमेजवळच्याच लहान, चपळ तुकड्यांनी झटपट हल्ला चढवायची ‘कोल्ड स्टार्ट’ कल्पना 2004 मध्ये पुढं आली. पुढं लडाखमधल्या 2020 च्या चीनबरोबरच्या संघर्षानंतर मथुरेच्या त्याच कोअरचं तोंड पाकिस्तानकडून उत्तरेकडं वळवलं गेलं. देपसांग आणि डेमचोकमधल्या गस्तीचा समझोता ऑक्टोबर 2024 मध्ये झाला. वाढवलेली फौज छावण्यांत परत कधी जायची, हे त्यात ठरलं नव्हतं.