जुनी गाडी, नवा मालक (भाग ५) : तीन लाख किलोमीटरची इनोव्हा

गाडीबद्दल आपल्याकडे दोन प्रश्न ठरलेले. ‘किती देते?’ आणि ‘किती पळालीय?’ पहिल्याचं उत्तर विकणारा दोन-तीनने वाढवून सांगतो, दुसऱ्याचं जमेल तेवढं कमी करून. त्यामुळे साताऱ्यातल्या एका एजंटानं २०१४च्या इनोव्हाचं मीटर बिनदिक्कत दाखवलं आणि त्यावर ३,१२,४०० किलोमीटर निघाले, तेव्हा माझा मेहुणा गांगरला. कराडहून फोन आला, ‘दाजी, लई पळालीय ओ. त्यापेक्षा पुण्यात एक डिझेल सेडान बघितलीय, २०१३ची, फक्त ६८ हजार. तीच घेऊ का?’

सेडान मी पुण्यातच होतो म्हणून आधी बघून आलो. बाहेरून चकाचक. आत बसलो तर ब्रेक पेडलच्या रबरावरच्या रेघा पार गुळगुळीत झालेल्या, ड्रायव्हर सीटची दाराकडची कड बसलेली, गिअरच्या मुठीवरचे आकडे पुसट. ६८ हजारांत पेडल एवढं झिजत नाही. गाडीच्या नंबरावरून कंपनीच्या वर्कशॉपमधून सर्व्हिसची नोंद काढायला मालकाला सांगितलं. चार दिवस टाळाटाळ करून त्यानं ती पाठवली. २०१८च्या जॉब कार्डवर किलोमीटर होते ९४,०००. पुढच्या सात वर्षांचे किती, ते देव जाणे. पूर्वी टॅक्सीवाले मीटरची केबल काढून ठेवायचे; आता मीटर डिजिटल आहे, तरी लॅपटॉप जोडून आकडा मागे घेणारे गल्लोगल्ली आहेत. मात्र जॉब कार्डं, टायरच्या बाजूवरचा चार आकडी कोड (पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष) आणि पेडलची रबरं ते सहसा बदलत नाहीत. आळस असतो, दुसरं काय.

मीटरचा खरा आकडाही आपण चुकीच्या पट्टीनं मोजतो, ही त्याहून मोठी अडचण. इंजिनाला किलोमीटर कळत नाहीत, तास कळतात. इनोव्हा एमएच-१० पासिंगची, मालक सांगलीचा हळदीचा व्यापारी. दर आठवड्याला एक पुणे फेरी, जाऊन-येऊन साधारण पावणेपाचशे किलोमीटर. वर्षाचे साडेचोवीस हजार तिथेच झाले, बाकी चार हजार गावातले. अकरा वर्षांत ३,१२,००० हा हिशेब तंतोतंत बसतो. हायवेवर ताशी ६०ची सरासरी धरली तर इंजिन ५,२०० तास चाललं. आता पुण्यातली सेडान घ्या. सिग्नल, खड्डे, कोथरूड ते हडपसर. सरासरी १८ धरा. ९४,००० किलोमीटरला तिचेही ५,२०० तास झाले. वर प्रत्येक सिग्नलला क्लच-ब्रेक, आणि इंजिन तापायच्या आत ऑफिस.

अमेरिकेत अर्व्ह गॉर्डन नावाचे एक शाळामास्तर होते. त्यांनी १९६६ साली घेतलेल्या लाल व्होल्वो पी१८००नं २०१३मध्ये ३० लाख मैलांचा, म्हणजे सुमारे ४८ लाख किलोमीटरचा टप्पा ओलांडला. वेळेवर ऑईल बदलायचं आणि लांब लांब पळवायची, एवढीच त्यांची रीत. अर्थात एकट्या गॉर्डनकडे बघून कुणी गाडी घेऊ नये. अशी गाडी जगात एकच निघाली म्हणून तर तिचा विक्रम झाला.

साताऱ्याला गेलो तेव्हा एजंटानं गाडी दारातच काढून ठेवली होती. बॉनेटवर तळवा ठेवला तर गरम. गरम इंजिन पहिल्या सेल्फला सुरू होणारच, त्यात तपासायचं काय? दुसऱ्या दिवशी सकाळी सातला, न कळवता, ओळखीच्या मिस्त्रीला घेऊन गेलो. थंड इंजिन दीड सेल्फमध्ये सुरू झालं. सायलेन्सरमधून किंचित काळा धूर आला आणि मिनिटभरात गेला. निळसर धूर असता तर गाडी ऑईल खाते असं समजून तिथूनच परतलो असतो. मग मिस्त्रीनं चालू इंजिनावर ऑईल भरायचं झाकण काढलं आणि तोंडावर उलटं ठेवलं. झाकण नुसतं थरथरलं, उडालं नाही. पिस्टनच्या रिंगा झिजल्या की ज्वलनाचा वायू खाली क्रँककेसमध्ये उतरतो आणि ह्या तोंडातून भकाभक बाहेर येतो. गॅरेजच्या भाषेत ‘बॅक कॉम्प्रेशन मारतंय’. तसं असेल तर इंजिन उतरवण्याचा खर्च समोर उभा.

सांगलीची गाडी म्हटल्यावर माझ्या डोक्यात ऑगस्ट २०१९चा पूर होता. मागच्या सीटचे पट्टे शेवटपर्यंत ओढून पाहिले. पुरात बुडालेल्या गाडीचं सगळं धुतात, पट्ट्याचं गुंडाळलेलं शेवटचं टोक धुवायचं राहतं. तिथे गाळाची रेघ सापडते. इथे नव्हती. नंबर प्लेट सोडवून मागे पिवळा रंग आहे का, टपावर कॅरिअरच्या बोल्टांच्या खुणा आहेत का, हेही पाहिलं. टुरिस्ट परमिटवर फिरलेली इनोव्हा पांढरी प्लेट लावून विकायला येते, आणि तिला पाच वर्षांत सात ड्रायव्हर झालेले असतात.

घाटाच्या चढावर चौथ्या गिअरला ॲक्सिलरेटर दाबला. इंजिनाचा आवाज चढला, गाडीचा वेग जागच्या जागी. क्लच घसरतोय. खड्ड्यात पुढून खडखड. टायमिंग बेल्ट दर लाख-दीड लाखाला बदलावा लागतो; शेवटचा कधी बदलला ते कुठल्याच बिलात नाही. हा बेल्ट चालत्या गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात, मग बाकी काही तपासायची गरज उरत नाही.

मिस्त्री म्हणाला, ‘भाऊ, इंजिनाला काय न्हाई. खर्च खालीच हाय.’ बिडीच्या पाकिटावर त्यानं आकडे मांडले. बेल्ट नि टेन्शनर १२,०००. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग २२,०००. शॉकअप आणि बुश २६,०००. चार टायर २८,०००. इंजेक्टरसाठी हाताशी २०,०००. बेरीज १,०८,०००. एजंट ५,७५,००० मागत होता. माझ्या मते अशा गाडीची बोली ‘जास्त पळालीय’ एवढ्यावर करू नये. एजंटाला ते वाक्य पाठ असतं. पाकीट पुढे केलं की तो प्रत्येक आकड्याशी भांडत बसतो, आणि भांडता भांडता खाली येतो.

मेहुण्याचं महिन्याला दीड हजार किलोमीटरचं काम, कराड ते चिपळूण. म्हणून मी हो म्हणालो. महिन्याला चारशे किलोमीटर फिरणाऱ्या घराला मी असली जुनी डिझेल घेऊ देत नाही. तिथे दहा वर्षांची साधी पेट्रोल बरी. नोंदणीची पंधरा वर्षं २०२९ला संपतील, पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. १ एप्रिल २०२२ पासून खासगी कारसाठी त्याचं शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झालंय, शिवाय पर्यावरण कर वेगळा. म्हणजे ही गाडी पुढे विकायची म्हटलं तर फारसं काही येणार नाही. चार वर्षं वापरून संपवायची, याच हिशेबानं घेतली.

सौदा ४,९०,०००ला तुटला. गाडी कराडला न नेता साताऱ्यातच मिस्त्रीकडे सोडली. तिसऱ्या दिवशी बेल्ट निघाला. मिस्त्रीनं तो बोटांत दुमडून दाखवला. दातांच्या मुळाशी केसासारख्या भेगा. मेहुणा तो घरी घेऊन गेलाय. बहिणीला सांगतो, ‘दाजींनी वाचवलेले लाख रुपये बघ.’

पुढच्या भागात : आरसीवर बँकेचा बोजा राहिला असेल तर.