कण, कपाशी आणि कॉम्प्युटर

जाहिरातीतल्या लोगोवर उधळणारी सोनेरी धूळ आणि यवतमाळच्या शेतात उडणारा फवारा, दोन्हींचं गणित एकच. एका ठिकाणी ते चुकलं तर फार तर क्लायंट चिडतो. दुसऱ्या ठिकाणी माणसं जातात.

टीव्हीवर दागिन्यांची जाहिरात लागते. काळ्या पडद्यावर सोन्याची धूळ उडत येते, कुठल्याशा अदृश्य हारावर आदळते, त्याच्या कडेकडेनं घरंगळते आणि बघता बघता अख्खा हार दिसायला लागतो. पाच सेकंदांचा खेळ! आपण तेवढ्यात रिमोट शोधत असतो. पण ज्यानं ते केलंय, त्याच्या दोन-तीन रात्री तरी त्या पाच सेकंदांनी खाल्लेल्या असतात. कारण धूळ उडवणं सोपं असतं. ती कशावर तरी आदळवणं, हे खरं काम.

मोशन ग्राफिक्सच्या दुनियेत याला पार्टिकल सिम्युलेशन म्हणतात. चॅनेलचा लोगो फुटून त्याच्या ठिकऱ्या होतात, मोबाइलच्या जाहिरातीत पाण्याचे थेंब काचेवर चिकटतात, सिनेमात हिरोच्या गाडीमागे धुरळा उठतो... सगळीकडे हेच. पण हा मामला फक्त अ‍ॅड एजन्सीच्या एडिट रूमपुरता नाही. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात जे घडलं, ते नीट कळायचं तर हेच कण आणि हेच आदळणं समजून घ्यावं लागतं. म्हणून आधी थोडं कॉम्प्युटरबद्दल, मग शेताबद्दल.

कण जन्मतो, जगतो, मरतो

सॉफ्टवेअरमध्ये कण सोडणारी एक जागा ठरवायची, तिचं नाव एमिटर. तिथून दर सेकंदाला शेकडो, हजारो कण बाहेर पडतात. प्रत्येक कणाची एक छोटीशी चोपडी असते : मी कुठे आहे, किती वेगानं चाललोय, माझं वय किती, आयुष्य किती. प्रत्येक फ्रेमला सॉफ्टवेअर ही चोपडी उघडतं आणि गुरुत्वाकर्षणानं किती खाली ओढलं, वाऱ्यानं किती ढकललं, हवेनं किती अडवलं याचा हिशेब करून कणाला पुढच्या जागी ठेवतं. आयुष्य संपलं की कण गायब. एकट्या कणात काहीच अक्कल नसते. पण लाखभर एकत्र आले की आपल्याला धूर दिसतो.

ही कल्पना चाळिशी ओलांडलेली आहे. १९८२ च्या ‘स्टार ट्रेक २ : द रॅथ ऑफ खान’ या सिनेमात एका निर्जीव ग्रहावर आगीची भिंत पसरत जाते. ती लुकासफिल्ममधल्या विल्यम रीव्हज यांनी कणांपासून उभी केली होती आणि १९८३ मध्ये त्यांनी या पद्धतीवर शोधनिबंध लिहिला. त्याआधी कॉम्प्युटरला ठोकळे, चेंडू, पेले असल्या ठोस वस्तू बऱ्या जमत. आग, धूर, ढग, गवत यांना ठरलेली कडच नसते, त्यामुळे तिथे घोडं अडायचं. रीव्हज यांनी कड शोधायचा नादच सोडला आणि ठिपके मोजायला घेतले.

आज तेच काम आफ्टर इफेक्ट्समधला पर्टिक्युलर, हुडिनी किंवा ब्लेंडर करतं. २०२१ च्या ‘ड्यून’मध्ये वाळवंटाला चिरत येणारा महाकाय किडा आठवतोय? त्या सिनेमाच्या इफेक्ट्सना २०२२ मध्ये ऑस्कर मिळालं. त्याची मुख्य जबाबदारी ज्या डीनेगकडे होती, त्या कंपनीचे स्टुडिओ मुंबईत आणि चेन्नईतही आहेत. म्हणजे वाळूचा कण कसा उडावा, यावर डोकं खपवणारी माणसं लोकलच्या गर्दीतही भेटू शकतात!

खरी गंमत टक्करीत

आता मुद्द्याचं. कॉम्प्युटरमधली थ्रीडी वस्तू म्हणजे त्रिकोणांची एक पातळ साल. आत सगळं पोकळ. कण म्हणजे नुसता एक बिंदू. दर फ्रेमला सॉफ्टवेअर विचारतं, या बिंदूची वाट एखाद्या त्रिकोणातून गेली का? गेली असेल, तर पुढे काय करायचं?

उत्तरं मोजकीच आहेत. कण उसळतो, घसरतो, चिकटतो, आरपार जातो किंवा तिथेच संपतो. उसळला तर ठिणगी वाटतो. घसरला तर वाळू वाटतो. चिकटला तर गुलाल वाटतो. कण तोच असतो, पण तो कसला आहे हे आपला डोळा आदळल्यानंतरच ठरवतो.

इथे एक नेहमीची भानगड होते. सेकंदाला २५ फ्रेम्स धरा. कण सेकंदाला १० मीटर वेगानं सुटला, तर एका फ्रेममध्ये तो ४० सेंटिमीटर पुढे जातो. समोरचं पान मिलिमीटरभरही जाड नाही. मग या फ्रेमला कण पानाच्या अलीकडे, पुढच्या फ्रेमला पलीकडे. मध्ये पान होतं, हे कॉम्प्युटरला कळलंच नाही! भुतासारखा कण भिंतीतून निघून जातो. उपाय दोन. एका फ्रेमचे आणखी बारीक तुकडे करून हिशेब करायचा किंवा कणाच्या जुन्या आणि नव्या जागेमध्ये रेघ ओढून ती त्रिकोणाला छेदते का, हे तपासायचं.

दुसरी अडचण संख्येची. १० लाख कण आणि १ लाख त्रिकोण असतील, तर प्रत्येकाची प्रत्येकाशी गाठ घालायला एका फ्रेमला १० हजार कोटी तपासण्या लागतील. मशीन झोपेल. म्हणून सॉफ्टवेअर पोस्टमनसारखं वागतं. आधी राज्य, मग यवतमाळ जिल्हा, मग केळापूर तालुका, मग पांढरकवडा. ज्या जिल्ह्यात पत्ता नाहीच, तिथली गावं कशाला हिंडायची? त्रिकोणांचे असे गटात गट पाडले, की लाखाच्या जागी साधारण सतरा पायऱ्यांत त्रिकोण हाती येतो.

२०१७, यवतमाळ

आता शेतात जाऊ. यवतमाळ म्हणजे कापसाचा जिल्हा. पऱ्हाटीवर किडीसाठी फवारणी तिथे दर हंगामात ठरलेली. पाठीवर पंप, हातात नळी, नळीच्या टोकाला नोझल. मोशन ग्राफिक्सच्या भाषेत सांगायचं तर नोझल हा एमिटर, थेंब हे कण आणि पऱ्हाटीचं पान ही आदळायची वस्तू.

पण या दृश्यात आणखी एक थ्रीडी वस्तू असते. पंप घेतलेला माणूस.

२०१७ मध्ये जुलै ते ऑक्टोबर या काळात फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजुरांचा जीव गेला. विषबाधा झालेल्यांचा आकडा आठशेच्या घरात होता. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात रुग्णांची रीघ लागली. कुणाला उलट्या, कुणाला धाप, कुणाच्या डोळ्यांना दिसेनासं झालेलं. राज्य सरकारनं विशेष तपास पथक नेमलं.

कारणांची यादी मोठी होती. एकाच टाकीत वेगवेगळी औषधं मिसळणं, हातमोजे आणि मास्क नसणं, सल्ला द्यायला विक्रेत्याशिवाय कुणी नसणं. पण त्या वेळच्या बातम्यांत दोन गोष्टी वारंवार येत होत्या. एक, त्या वर्षी कपाशी नेहमीपेक्षा उंच झाली होती, कुठे खांद्याला लागेल इतकी, कुठे डोक्याच्याही वर. दोन, नव्या मोटरवाल्या पंपांतून फवारा फार बारीक आणि जोरात निघत होता.

हे ऐकून शहरात बसलेला माणूस विचारेल, झाड उंच आहे आणि थेंब बारीक आहे, त्यात एवढं काय? बरोबर इथेच कणांचं गणित कामाला येतं.

थेंबाचा हिशेब

आधी आकार. आपला केस जाडीला सुमारे ७० मायक्रॉन असतो. फवाऱ्याचे थेंब साधारण याच्या आगेमागे, काही कितीतरी मोठे, काही खूपच लहान. थेंबाचा व्यास निम्मा केला, की एका थेंबाचे आठ होतात. म्हणजे पंप बारीक फवारतो तेव्हा औषध तेवढंच असतं, पण हवेत फिरणाऱ्या थेंबांची संख्या कैक पट होते.

आता पडण्याचा वेग. २०० मायक्रॉनचा थेंब मीटरभर खाली यायला दीड सेकंदाच्या आसपास घेतो. १०० मायक्रॉनचा सुमारे चार सेकंद. ५० चा तेरा सेकंद. आणि २० मायक्रॉनचा? जवळजवळ दीड मिनिट! तेवढ्या वेळात ताशी साडेतीन किलोमीटरची, म्हणजे गालाला जेमतेम जाणवेल अशी झुळूक असली, तरी १०० मायक्रॉनचा थेंब चार मीटर सरकतो आणि २० चा ऐंशी मीटरच्या आसपास. वाटेत पाणी वाळतं, थेंब आणखी लहान होतो, आणखी तरंगतो.

मग आदळणं. मोठ्या थेंबाला वळता येत नाही. समोर पान आलं की तो थडकतो. बारीक थेंब हवेबरोबर वस्तूला वळसा घालून निघून जातो, भरधाव ट्रक आणि गल्लीबोळातली स्कूटी यांच्यात असतो तसा फरक. म्हणजे फवारा फार बारीक असेल, तर बरंच औषध पानावर बसतच नाही. हवेत राहतं. आणि त्याच हवेत माणूस श्वास घेत असतो.

शेवटी उंची. झाड गुडघ्याएवढं असतं, तेव्हा नोझल खाली झुकलेलं असतं आणि फवारा पायांच्या बाजूला राहतो. झाड खांद्याला आलं, की नोझल तोंडासमोर येतं. वर माणूस पुढे चालत असतो, म्हणजे आत्ताच सोडलेल्या ढगात पाऊल टाकत असतो. ओल्या पानांना अंग घासतं, शर्ट भिजतो, तोच शर्ट दुपारभर अंगावर. सिम्युलेशनमध्ये ही फक्त एका आकड्याची गोष्ट आहे, एमिटर एक मीटर वर उचलायचा. शेतात तोच एक मीटर जीवावर बेततो.

दिसायला बरोबर की खरंच बरोबर?

आता लगेच लॅपटॉप उघडून ‘मी यवतमाळचं सिम्युलेशन करतो’ म्हणाल, तर जरा थांबा. आपली सॉफ्टवेअर्स दिसायला बरोबर असावं यासाठी बनली आहेत. ‘ड्यून’मधली वाळू खऱ्या वाळूसारखी वाटली, की काम झालं. ती नेमकी किती ग्रॅम उडाली, हे कुणी विचारत नाही. ब्लेंडरमधला साधा वारा समोरच्या माणसातून सरळ आरपार जातो, त्याला वळसा घालत नाही. थेंब आपोआप वाळत नाही. त्यामुळे ‘इतकं विष अंगावर पडतं’ असा निकाल त्यातून काढता येणार नाही. ते काम शास्त्रज्ञांच्या मॉडेल्सचं. अमेरिकेत फवारा शेताबाहेर किती वाहतो, याचा अंदाज घ्यायला अ‍ॅगड्रिफ्ट नावाचं मॉडेल वापरतात.

मग आपला उपयोग काय? दाखवणं! कीटकनाशकाच्या डब्यावर एक रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा. तेही ग्राफिक डिझाइनच, पण त्रिकोण हलत नाही. वारा कुठून आहे, नोझल कुठल्या उंचीवर आहे, थेंब कुठे जातोय, हे तो सांगू शकत नाही. डब्याबरोबरच्या माहितीपत्रकातली अक्षरं तर मुंगीएवढी. मजुरीवर फवारायला आलेल्या माणसाच्या हातात ते पत्रक येतच नाही, पण फोन मात्र खिशात असतो. शास्त्रज्ञांकडून तपासून घेतलेली तीस सेकंदांची क्लिप, मराठीत, गोंडीत, कोलामीत... बारीक थेंब लाल रंगात, वाऱ्याकडे तोंड केलं की ढग कसा अंगावर येतो, पाठ केली की कसा पुढे जातो. एवढं बघायला वाचता यावं लागत नाही.

सोन्याची धूळ हारावर घरंगळवायला जी कला लागते, तीच इथेही लागते. फरक इतकाच, की इथे आदळणाऱ्या कणांसमोर माणसाचा चेहरा आहे.

चौकट
वीकएंड प्रोजेक्ट : पऱ्हाटीवरचा फवारा

■ ब्लेंडर फुकट आहे, २००२ पासून ओपन सोर्स आहे. २०२५ मध्ये ऑस्कर मिळवलेली ‘फ्लो’ ही अ‍ॅनिमेशन फिल्म त्यातच बनली. तेव्हा ‘सॉफ्टवेअर महाग आहे’ ही सबब बाद!

■ चार-पाच साधी झाडं आणि एक ओबडधोबड माणूस उभा करा. डिटेलच्या नादी लागू नका, त्रिकोण जितके कमी तितकं मशीन खूश.

■ नोझलच्या जागी छोटीशी चकती ठेवा आणि तिला पार्टिकल सिस्टिम लावा.

■ झाडांना आणि माणसाला फिजिक्समधून कोलिजन द्या. तिथे स्टिकिनेस, डॅम्पिंग, फ्रिक्शन आणि पर्मिएबिलिटी सापडेल. पानासाठी स्टिकिनेस वाढवून बघा.

■ फोर्स फील्डमधून वारा आणि थोडा टर्ब्युलन्स घाला. कणांचा ड्रॅग वाढवला, की ते वाऱ्याच्या कलानं जातात. कमी केला, की जड थेंबांसारखे वागतात.

■ कण पानातून आरपार जात असतील, तर सबफ्रेम्स वाढवा.

■ आता तीन रेंडर काढा. पहिल्यात झाड गुडघ्याएवढं, दुसऱ्यात खांद्याएवढं, तिसऱ्यात वारा समोरून. बाकी काहीही बदलू नका. तिन्ही शेजारी शेजारी लावून बघा आणि कण माणसाच्या कुठल्या भागावर चिकटलेत ते मोजा.