कोटाच्या अस्तरातील ठेव

१९२९ सालच्या फेब्रुवारी महिन्यातील गोष्ट. दक्षिण गोलार्धात हे ऐन उन्हाळ्याचे दिवस. इटलीहून निघालेली 'जुलिओ चेझारे' ही आगबोट अर्जेंटिनातील ब्वेनोस आयरिसच्या धक्क्याला लागली आणि उतारूंच्या गर्दीतून पंचेचाळिशीच्या घरातील एक स्त्री खाली उतरली. उकाड्याने जीव कासावीस होत असताना तिच्या अंगात कोल्ह्याच्या केसाळ कातड्याची गळपट्टी लावलेला जाड कोट होता! पाहणाऱ्यांना नवल वाटले असेल. परंतु मायदेशातील मालमत्ता विकून आलेला सारा पैसा त्या कोटाच्या अस्तरात शिवलेला होता. मग तो अंगावेगळा कसा करावा?

ही स्त्री म्हणजे रोझा मार्गेरिता व्हासाल्लो. सोबत पती जिओव्हान्नी बेर्गोल्यो आणि विशीतील एकुलता मुलगा मारिओ. याच मारिओचा मुलगा होर्हे पुढे २०१३ साली पोप फ्रान्सिस या नावाने रोमच्या धर्मपीठावर बसला. नातवाची कीर्ती जगाला ठाऊक आहे. आम्हांस आज सांगावयाचे आहे ते त्याच्या आजीविषयी.

रोझाबाईंचा जन्म १८८४ सालचा. उत्तर इटलीतील पिएमाँत प्रांतात, आस्ती या गावी त्यांचा संसार झाला. घरचे दुकान सांभाळून त्या चर्चच्या कामात पुढाकार घेत. 'कॅथॉलिक अ‍ॅक्शन' ही प्रापंचिक स्त्रीपुरुषांची धर्मसंघटना. तिच्या वतीने त्या ठिकठिकाणी स्त्रियांपुढे व्याख्याने देत. तो मुसोलिनीच्या राजवटीचा काळ होता. एकदा सभेचे दालनच बंद करण्यात आले, तेव्हा या बाई रस्त्यात एका टेबलावर उभ्या राहून बोलल्या, ही आठवण नातवाने पुढे कौतुकाने सांगितली आहे.

जिओव्हान्नींचे भाऊ आधीच अर्जेंटिनात पाराना या शहरी जाऊन रस्ते फरसबंद करण्याच्या व्यवसायात स्थिरावले होते. भावाभावांनी एकत्र राहावे, हाच देशांतराचा हेतू. १९२७ साली 'प्रिन्चिपेस्सा माफाल्दा' या बोटीची तिकिटेही काढून झाली. पण मालमत्तेची विक्री वेळेत होईना, म्हणून जाणे लांबले. ती बोट ऑक्टोबरमध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ बुडाली आणि तीनशेहून अधिक माणसे दगावली. रखडलेल्या एका व्यवहाराने हे कुटुंब वाचविले.

नव्या देशातील सुख फार दिवस टिकले नाही. जागतिक मंदीत १९३२ च्या सुमारास भावांचा धंदा बुडाला. एन्रिको पोत्सोली नावाच्या धर्मगुरूंच्या खटपटीने दोन हजार पेसो कर्जाऊ मिळाले आणि ब्वेनोस आयरिसमध्ये एक दुकान उभे राहिले. इटलीत बँकेत नोकरी केलेला मारिओ आता गिऱ्हाइकांच्या घरी माल पोहोचवू लागला. चर्चच्याच परिवारात त्याची रेजिना सिव्होरी हिच्याशी ओळख झाली. १९३५ मध्ये विवाह झाला आणि १७ डिसेंबर १९३६ रोजी होर्हेचा जन्म झाला.

वर्ष उलटल्यावर लवकरच घरात दुसरे मूल आले. आईचा भार हलका व्हावा म्हणून रोझाबाई सकाळी येऊन होर्हेला आपल्या घरी नेत. आजी-आजोबा आपापसांत पिएमाँतची बोली बोलत. मूल ती ऐकत ऐकत शिकले. मारिओ मात्र घरात स्पॅनिशच बोले. मागचे सारे विसरून नव्या मातीत रुजावे, ही त्याची धडपड. आम्ही त्याला दोष देत नाही. आम्ही तरी काय करतो? माळव्यात आमच्या किती पिढ्या गेल्या. शाळेत मराठीचे गोडवे गाणारे आम्ही घरी नातवाला "इकडे ये" म्हणतो, तो "आ रहा हूँ" म्हणतो, आणि घाईगर्दीत आम्हीही पुढचे वाक्य हिंदीतच बोलून मोकळे होतो. पोपच्या घरी आजोळ नव्हे, आजीचे घर आड आले म्हणून बोली तगली.

भाषेबरोबर श्रद्धाही आली. गुड फ्रायडेच्या मिरवणुकीत आजी नातवंडांना गुडघे टेकावयास लावी. संतांच्या गोष्टी सांगे. त्या श्रद्धेला कुंपण मात्र नव्हते. एकदा रस्त्यात साल्व्हेशन आर्मीच्या दोन स्त्रिया दिसल्या. "या जोगिणी का?" असे लहानग्याने विचारले. "नाही, प्रॉटेस्टंट आहेत, पण चांगल्या आहेत," हे आजीचे उत्तर नातवाने जन्मभर जपले. कफनाला खिसे नसतात, असेही ती म्हणे. ही म्हण आपल्याही कानांना परकी नाही.

होर्हेने धर्मगुरू होण्याचे ठरविले, तेव्हा आईला ते रुचले नाही. आजी म्हणाली, देवाने बोलाविले असेल तर अवश्य जा; पण परतावेसे वाटले तर या घराचे दार उघडे आहे, कोणी बोल लावणार नाही. वडीलधाऱ्यांनी मुलांना निरोप कसा द्यावा, हे यापेक्षा चांगले आम्ही ऐकलेले नाही. १९६९ साली त्याला गुरुदीक्षा मिळाली. तो दिवस आपण पाहू की नाही या शंकेने आजीने पत्र आधीच लिहून ठेवले होते. सुदैवाने तिने तो दिवस पाहिला. ते पत्र नातवाने आपल्या नित्यप्रार्थनेच्या पुस्तकात कायमचे जपून ठेवले. १९७४ साली आजीने देह ठेवला, तेव्हा तो जवळ होता.

पोप झाल्यावर रोमबाहेरचा त्याचा पहिला अधिकृत प्रवास झाला तो जुलै २०१३ मध्ये लाम्पेदुसा बेटाचा. बोटींतून येताना समुद्रात बुडालेल्या निर्वासितांसाठी त्याने तेथे प्रार्थना केली. एक बोट चुकल्यामुळेच ज्याचे कुळ वाचले, त्याला त्या मृतांचे दुःख परके कसे वाटावे? २०२२ च्या नोव्हेंबरात तो आस्तीलाही जाऊन आला आणि २१ एप्रिल २०२५ रोजी निवर्तला.

कोटात शिवलेला पैसा केव्हाच संपला. आजीच्या तोंडची बोली, प्रार्थना आणि म्हणी मात्र नातवाला शेवटपर्यंत पुरल्या. ज्या वाचकांच्या घरी आजी आहे, त्यांनी मुलांना दिवसातला थोडा वेळ तिच्यापाशी बसू द्यावे. आम्हीही उद्यापासून नातवाला दुसरे वाक्य मराठीतच बोलणार आहोत.