पुतळ्यापुढे उभं राहून मुलांना काय सांगावं?



मागच्या वर्षी नातीला घेऊन चेन्नईला गेलो होतो. ती नऊ वर्षांची. अण्णा सलाई म्हणजे जुन्या माउंट रोडवरून जाताना मी तिला सांगितलं, "इथं पूर्वी जेम्स नील नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याचा पुतळा होता. 1857 मध्ये त्याने गावंच्या गावं जाळली, शेकडो माणसं फासावर चढवली. पुढे लखनौच्या लढाईत मारला गेला. त्याच्या लोकांनी त्याला वीर ठरवलं आणि पुतळा उभारला."

तिनं विचारलं, "आजोबा, तो तुमच्यासारखाच आर्मी ऑफिसर होता?"

खरं सांगतो, क्षणभर उत्तर सुचलं नाही. तीस वर्षांहून जास्त नोकरी केली. कुठल्याही छावणीत गणवेशातला पुतळा दिसला की मान आदरानं ताठ व्हायची. हा कोण, त्यानं काय केलं, हे दर वेळी विचारलंच असं नाही. शेवटी मी म्हणालो, "हो, अधिकारी होता. पण गणवेश घातला म्हणून माणूस आपोआप मोठा होत नाही. त्या गणवेशात त्यानं काय केलं, ते बघायचं."

त्या दिवसापासून मुलांना पुतळा दाखवायची माझी पद्धत बदलली. मी पाच प्रश्न ठरवले आहेत. माणूस कोण आणि त्यानं नेमकं काय केलं? पुतळा कोणी आणि केव्हा उभारला? याच जागी का? नंतरच्या लोकांनी त्याचं काय केलं? आणि इथं कोण दिसत नाही?

नीलचीच गोष्ट घ्या. 1927 साली मद्रासच्या तरुणांनी त्याचा पुतळा हटवावा म्हणून सत्याग्रह केला, तुरुंगवास भोगला. दहा वर्षांनी, 1937 मध्ये राजाजींचं मंत्रिमंडळ आल्यावर पुतळा तिथून काढून संग्रहालयात नेला. मुलांना हे जरूर सांगा. पुतळा दगडाचा किंवा धातूचा असला, तरी त्याला तिथे ठेवायचा निर्णय माणसांचा असतो, आणि माणसं तो बदलू शकतात. शिवाय संग्रहालयात नेल्यानं इतिहास पुसला जात नाही. फक्त मानाची जागा काढून घेतली जाते.

त्याच शहरात सर थॉमस मन्रोचा अश्वारूढ पुतळा मात्र अजून उभा आहे. तोही कंपनी सरकारचा सैनिक, पुढे मद्रासचा गव्हर्नर. शेतकऱ्याकडून थेट सारा घेणारी रयतवारी पद्धत त्याच्या नावाशी जोडलेली आहे. एक इंग्रज हलवला, दुसरा ठेवला, असं का? यावर मुलांना वाद घालू द्या. उत्तर लगेच देऊ नका.

मन्रोच्या घोड्याला रिकीब नाही. शिल्पकार विसरला, अशी गोष्ट लोक रंगवून सांगतात. पण त्याच शिल्पकारानं, म्हणजे चँट्रीनं, लंडनमध्ये केलेल्या चौथ्या जॉर्जच्या पुतळ्यालाही रिकीब नाही. म्हणजे ही चूक नव्हे, त्याची पद्धत दिसते. ऐकीव गोष्ट आणि पुरावा यांतला फरक शिकवायला याहून सोपं उदाहरण नाही.

मग आम्ही मरीना किनाऱ्यावर गेलो. तिथं देवीप्रसाद रॉय चौधुरींचं 1959 मधलं श्रमिकांचं शिल्प आहे. चार मजूर अंगातलं सगळं बळ लावून एक प्रचंड दगड हलवताहेत. कोणाचंच नाव नाही. नात बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "यात बाई का नाही? आमच्या शेजारी इमारत बांधतात तिथं बायकाच तर घमेली उचलतात." पाचवा प्रश्न तिनं माझ्याआधीच विचारला होता.

आता आमच्या फौजेकडे येतो. कारवारच्या किनाऱ्यावर परमवीर चक्र मिळवणारे रामा राघोबा राणे यांचा पुतळा आहे. मुलं पहिला प्रश्न विचारतात, "यांनी किती शत्रू मारले?" मी सांगतो, राणे सॅपर होते. एप्रिल 1948 मध्ये नौशेरा ते राजौरी रस्त्यावर शत्रूनं सुरुंग पेरले होते, झाडं आडवी टाकली होती. स्वतः जखमी असताना, गोळीबार चालू असताना, राणेंनी 8 ते 11 एप्रिल हा रस्ता मोकळा केला, म्हणून आपले रणगाडे पुढे जाऊ शकले. देशाचा सर्वोच्च युद्धसन्मान त्यांना वाट मोकळी करण्यासाठी मिळाला. मी पायदळातला. सॅपरनं वाट केली नाही तर पायदळाचं काय होतं, हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

आणि हे परमवीर चक्र कोणी घडवलं, तेही सांगा. त्याचा आराखडा सावित्रीबाई खानोलकरांचा. जन्मानं युरोपियन, मराठी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून त्या इथल्या झाल्या. पदक सगळ्यांना माहीत असतं, त्यांचं नाव फार थोड्यांना.

शेवटी एक जागा. दिल्लीचं राष्ट्रीय युद्धस्मारक, 2019 मध्ये खुलं झालं. तिथं परमवीरांचे 21 अर्धपुतळे आहेत. पण त्याग चक्राच्या भिंतींवर पंचवीस हजारांहून जास्त नावं आहेत. शिपाई आणि कर्नल एकाच भिंतीवर. माझ्या कंपनीतल्या एका जवानाचं नाव तिथं आहे. त्याच्या गावच्या चौकात त्याचा पुतळा नाही, कधी होणारही नाही. त्याची मुलगी स्मारकावर आली होती. तिनं वडिलांच्या नावावरून सावकाश बोट फिरवलं आणि मला विचारलं, "साहेब, ते कसे होते?"

मी तासभर बोललो. स्मारकाचं काम तेवढंच असतं. ते प्रश्न जागा करतं, उत्तर माहीत असलेल्यानं ते द्यायचं असतं.

तेव्हा या रविवारी मुलांना घेऊन जवळच्या चौकात जा. पाटी त्यांना मोठ्यानं वाचू द्या. पाच प्रश्न विचारा. आणि घरी येताना सहावा विचारा: आपल्या गल्लीत पुतळा उभारायचा झाला, तर तू कोणाचा उभारशील आणि का?

जय हिंद.