रातपाळीच्या आधीचा अध्याय

"आज साडेसहाला बसायचं," आजी स्वयंपाकघरातूनच हुकूम सोडते. गेल्या आठवड्यात हे बसणं पहाटे होतं, पुढच्या आठवड्यात ते रात्रीच्या जेवणानंतर जाईल. मुलांचे बाबा मँगनीजच्या खदानीत जमिनीखाली कामाला आहेत. त्यांची पाळी बदलली की घरची उपासनाही तिच्यामागे सरकते. घड्याळाची वेळ ठरलेली नाही. ठरलेलं आहे ते इतकंच, की बाबा ड्युटीवर निघायच्या आधी किंवा परतून आंघोळ झाल्यावर घरातले सगळे एका सतरंजीवर बसतात.

मार्च महिना आहे. उघड्या दारातून मोहफुलांचा गोडसर, जरा आंबूस वास आत येतोय; शेजारच्या अंगणात ती वाळत घातली आहेत. रस्त्यावर बैहरकडे निघालेली बस उगाच लांबलचक हॉर्न वाजवते. बालाघाटहून घाट चढून आलं की उकवा लागतं, आणि तसंच पुढे बैहरवरून गेलं की कान्हाचं जंगल. बाजारात हिंदी, मधूनच गोंडी. पण खदानीच्या वस्तीत मराठी बोलणारी घरं हमखास भेटतात. कारण सरळ आहे. 1896 पासून या पट्ट्यात मँगनीज काढणाऱ्या ब्रिटिश कंपनीच्या जागी 1962 मध्ये 'मॉयल' उभी राहिली. तिचं मुख्यालय नागपुरात आणि खाणी सीमेच्या दोन्ही अंगांना. चिखला, डोंगरी बुजुर्ग, कांद्री, मनसर अशा ठिकाणांहून बदल्या होत होत माणसं इकडे येतात. हे कुटुंबही तसंच आलं. सामानात आजी आली, आणि आजीच्या पिशवीत तिचं मराठी बायबल.

थोरली सहावीत, धाकटा दुसरीत. शाळा हिंदी माध्यमाची, परीक्षा तोंडावर. थोरली विज्ञानाचं पुस्तक मिटते, पण पानात बोट तसंच. धाकटा जेवणाच्या डब्याच्या झाकणावर ठेका धरून पुस्तकांची नावं म्हणतोय: उत्पत्ती, निर्गम, लेवीय, गणना, अनुवाद. जुन्या कराराची 39 आणि नव्याची 27 अशी सहासष्ट नावं त्याला एका दमात यायला हवीत. सफन्या-हाग्गय-जखऱ्या इथे त्याची गाडी दरवेळी घसरते. आज हाग्गय गायब होतो. कोणी टोकत नाही. तो मलाखीपर्यंत जातो, बोटं मोजतो, एक कमी भरतं. मग स्वतःच मागे फिरून हाग्गयला पकडून आणतो.

"आता कसा आला बरोब्बर!" आजी म्हणते. तेवढीच शाबासकी. या घरात पाठांतराला बक्षीस नाही, चॉकलेट नाही. संडे स्कूलमध्ये मिळतं ते मिळतं.

आई पोळ्या लाटतालाटताच उपासनेत आहे. तिची जागा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर. एक कान इकडे, एक डोळा तव्यावर. एखाद्या पाळकाला हे चालेल की नाही, कोण जाणे. मला मात्र हे फार पटतं. सगळं काम थांबवून, हात धुऊन, डोळे मिटून बसायचं ठरवलं असतं तर या घराची उपासना पहिल्याच पंधरवड्यात आटोपली असती.

आजचा अध्याय बाबांनी निवडला आहे: ईयोब 28. जानेवारीत सगळ्यांनी मिळून उत्पत्तीपासून सुरुवात केली होती, आणि बायबल वाचणाऱ्या बहुतेक घरांचं जे होतं तेच झालं. लेवीयाच्या यज्ञविधींपाशी मुलं पेंगायला लागली. तेव्हा आजीनेच निकाल दिला. क्रमाने वाचायचं ते मोठ्यांनी आपापलं वाचावं, सतरंजीवर मात्र ज्याची पाळी त्याची निवड. धाकट्याची पाळी आली की दाविदाची गोफण किंवा योनाचा मासा. आठवड्यातून दोनदा मासा झाला तरी तक्रार करायची नाही.

ईयोबाचा हा अध्याय खाणीवर आहे हे मला ठाऊक नव्हतं. बाबा वाचतात. चांदी कुठून निघते, लोखंड मातीतून कसं येतं, दगड वितळवून तांबं कसं काढतात. माणसं वस्तीपासून दूर जमिनीत भोक पाडत जातात, दोरांना लोंबकळतात, कोणी कधी न पाहिलेल्या अंधारात दिवा नेतात. वाचताना त्यांचा आवाज बदलतो. कामाची हकिगत सांगताना माणूस जसा बोलतो तसं ते वाचू लागतात.

"त्यांना हेल्मेट होतं का?" धाकटा.

"नसेल."

"आणि कॅप-लॅम्प?"

"तेलाचा दिवा असंल बाप्पा."

"मग पाणी कसं काढायचे?" हा प्रश्न थोरलीचा. अध्यायात खाणीतलं झिरपणारं पाणी अडवल्याचा उल्लेख आहे, तो तिने बरोबर हेरला आहे. बाबा पुस्तक मांडीवर ठेवतात आणि खाली पाणी कसं साचतं, पंप बंद पडला तर काय होतं, माल काढून झालेल्या पोकळीत रेती का भरतात, हे सांगतात. उपासना पाच मिनिटं रीतसर खाणकामाच्या वर्गात जाते. आजी अडवत नाही.

मग सिंहाचं वचन येतं. त्या वाटेवर सिंहाचंही पाऊल पडलेलं नाही, अशा अर्थाचं. धाकटा लगेच हरकत घेतो. "उकव्याच्या रस्त्यावर तर वाघ येतो!" त्याला खदानीची वाट आणि घाटातली वाट एकच वाटते. सगळे हसतात. बाबा समजावतात, वाट जमिनीच्या आतली आहे, तिथे वाघाचं काय काम? धाकट्याचं समाधान झालेलं नाही, पण तो गप्प बसतो.

अध्यायाचा शेवट बाबा सावकाश वाचतात. एवढं सगळं खणून काढणाऱ्या माणसाला शहाणपण कुठे सापडतं, हा तिथला प्रश्न आहे. ते सोन्याने विकत मिळत नाही, समुद्रही म्हणतो माझ्याकडे नाही. उत्तर शेवटच्या, अठ्ठाविसाव्या वचनात आहे आणि तेच या आठवड्याचं पाठ करायचं वचन.

आता आजीचं राज्य सुरू होतं. तिची रीत मी नीट पाहून घेतो, कारण शाळेत आम्हाला असं कोणी शिकवलं नाही. ती वचनाचे तुकडे श्वासाप्रमाणे पाडते आणि शेवटच्या तुकड्यापासून सुरू करते. शेवटचा तुकडा पक्का झाला की त्याच्या आधीचा जोडायचा, मग त्याच्या आधीचा. "पुढून पाठ केलं तर सुरुवात पक्की आन् शेवट कच्चा," ती मला सांगते. "मंग पोरगं बोलता बोलता अंधारात जातं. शेवटून केलं म्हणजे दर पावलाला ओळखीची जागा येते." वचनाचा पत्ता, म्हणजे पुस्तक, अध्याय आणि आकडा, आधी एकदा आणि म्हणून झाल्यावर पुन्हा एकदा सांगायचा. पत्ता विसरला तर वचन आलं असं धरत नाहीत.

नव्या वचनाला पाच-सात मिनिटं. खरा वेळ जातो जुन्यांना. कालचं एक, गेल्या रविवारचं एक, आणि एक कितीही जुनं, ते आजी ऐन वेळी मागणार. थोरलीला ती 121 वं स्तोत्र मागते. थोरली डोळे छताला लावून धडाधड म्हणत सुटते, विज्ञानाची व्याख्या म्हणावी तशी, एका पट्टीत. आजी हात वर करते.

"काहून धावतेस? गाडी सुटून रायली का?"

थोरली पुन्हा सुरू करते. या वेळी डोंगरांपाशी तिची नजर नकळत दाराबाहेर जाते.

आजीचं बायबल मी मागून घेतो. काळं रेक्झीन, पुठ्ठा दोऱ्याने पुन्हा शिवलेला, स्तोत्रसंहितेच्या जागी पानांच्या कडा बोटं लागून काळपट झालेल्या. समासात शिसपेन्सिलीने बारीक अक्षरं आहेत: नावाचं पहिलं अक्षर आणि तारीख. ज्या दिवशी ज्या मुलाला ते वचन न अडखळता आलं तो दिवस. तेविसाव्या स्तोत्राच्या बाजूला तीन अक्षरं एकाखाली एक आहेत. सगळ्यात वरचं बाबांचं, ते आठ वर्षांचे असतानाचं. खालची दोन या दोघांची. बाबांच्या अक्षरापुढे एक फुली आहे.

"ही काय?"

"ते नंतर विसरला होता," आजी शांतपणे सांगते. "पुन्हा म्हणून दाखवलं तेव्हा दुसरी तारीख टाकली, पाह्य."

खरंच आहे, दुसरी तारीख आहे. मुलं ही फुली दर काही दिवसांनी काढून पाहतात म्हणे. मला तरी या घरातली सवय टिकण्याचं कारण त्या फुलीत दिसतं. मुलांना पाठ करायला बसवणारी घरं पुष्कळ आहेत. आपल्याकडे दिवेलागणीला परवचा म्हणवणारे आजोबा होते, पाढ्यांवरून कान पिळणारे काका होते. पण परवचा म्हणवणाऱ्याने स्वतः परवचा म्हणून दाखवल्याचं मला आठवत नाही. इथे बाबाही रांगेत उभे आहेत. अठ्ठाविसावं वचन म्हणायची त्यांची वेळ येते, ते मधल्या तुकड्यावर थांबतात, आणि धाकटा ओठ दाबून धरतो. एक लांब श्वास होईपर्यंत कोणी सांगायचं नाही, असा नियम आहे. श्वास संपतो. धाकटा विजेत्याच्या सुरात पुढचा शब्द पुरवतो. खाली माणसांवर देखरेख करणारा हा माणूस मान खाली घालून तो शब्द घेतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो.

आजीला पंडिता रमाबाईंची गोष्ट फार प्रिय आहे. ती ऐकून ऐकून मुलांची पाठ झाली आहे, तरी मी नवा श्रोता असल्याने पुन्हा होते. रमाबाईंच्या आईला, लक्ष्मीबाईंना, दिवसभर कामातून सवड नसे. म्हणून त्या पहाटे, अजून उजाडायचं असताना, झोपाळू लेकीला उचलून कुरवाळून जागं करत आणि संस्कृत श्लोक म्हणवून घेत. अशी भागवताची हजारो श्लोकांची पोथी त्या मुलीच्या तोंडी बसली. पुढे ख्रिस्ती झालेल्या याच रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं. 1922 च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या, ग्रंथ 1924 मध्ये मुक्तीच्याच छापखान्यातून निघाला. आजीच्या हातातलं बायबल ते नव्हे, बायबल सोसायटीचं आहे. पण तिला सांगायचंय ते पहाटेचं. श्लोक कुठले होते यावर ती अडत नाही. "मायनं झोपेतून उठवून शिकवलं म्हणून आलं," ती म्हणते आणि सुनेकडे बघते. सून पोळी उलटते. पहाटे उठवायचं काम तिच्याकडे असतं.

मी विचारतो, चुकत नाही कधी? चुकतं की, आई उंबऱ्यावरून सांगते. लग्नसराईत चुकतं, पाहुणे आले की चुकतं, क्रिकेटचा सामना असला की बाबाच गुपचूप उशीर करतात. रविवारी उपासनेसाठी घाट उतरून बालाघाटला जायचं तर परतेपर्यंत मुलं बसमध्येच झोपलेली असतात. पण एक गोष्ट हे लोक करत नाहीत: थकबाकी काढत नाहीत. काल बुडलं म्हणून आज दोन अध्याय, दोन वचनं, असा दंड नाही. सुरुवातीला होता. महिन्याभरात एवढी बाकी साठली की मुलं सतरंजी पाहूनच बाहेर पळायची. अनुवादाच्या सहाव्या अध्यायात मुलांना शिकवण्याबद्दल जे आहे त्यात घरी बसणं, वाटेने चालणं, निजणं, उठणं एवढंच येतं, असं आजीचं म्हणणं. मागची बाकी भरण्याचं त्यात कुठे नाही.

थोरलीचा एक प्रश्न आज राहून गेलाय, तो ती आता काढते. ईयोबाची लेकरं मेली, मग शेवटी त्याला नवी मिळाली. मग झालं का बरोबर? जुनी गेलेली त्याचं काय? खोलीत तव्याचा आवाज तेवढा राहतो. बाबा आजीकडे पाहतात. आजी म्हणते, "मले नाही माहीत. ईयोबालेच विचारजो भेटला तर." थोरलीला उत्तर आवडत नाही; ते तिच्या तोंडावर दिसतं. पण प्रश्न चुकीचा होता असंही तिला कोणी सांगत नाही, आणि ती विज्ञानाच्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर काहीतरी लिहून ठेवते. मला वाचायला देत नाही.

प्रार्थना छोटी होते. त्यात रात्री खाली उतरणाऱ्या सगळ्यांची नावं घेतात, बाबांच्या तुकडीतले हिंदू, गोंड, मुसलमान, सगळे. धाकटा स्वतःहून पंपाचंही नाव घालतो.

मग ताटं. बाबा घाईने जेवतात, डबा भरला जातो, सेफ्टी बूट दाराशी निघतात. आणि आता आज दुपारपासून शिजलेला कट बाहेर येतो. पुढच्या आठवड्यात बाबांसाठी वचन निवडायची पाळी मुलांची आहे. थोरली कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे लिहिलेली चिठ्ठी पुढे करते. मत्तय, अध्याय पहिला. बाबा चिठ्ठी उलटीपालटी करतात.

"ही तर वंशावळ आहे! अब्राहामापासून सगळी नावं?"

"बेचाळीस पिढ्या," धाकटा आनंदाने सांगतो. त्याने सतराव्या वचनातली बेरीज करून पाहिली आहे, चौदा त्रिक बेचाळीस.

"आई, हे वचन आहे का? हे तर हजेरीपुस्तक झालं."

"पुस्तकात आहे ना? मंग वचनच आहे."

"निदान बाबेलच्या नंतरची गाळा. ती नावं कोणाला येतात? जरुब्बाबेल, अबीहूद..."

"पाह्य, दोन तर आलीच," आजी म्हणते. "एक बी गळणार नाही. शेवटून सुरू कर."

बाबा चिठ्ठी घडी करून डब्याच्या पिशवीत टाकतात. फाटकापाशी एक सहकारी मोटारसायकल चालू ठेवून थांबला आहे. काय झालं म्हणून विचारतो. बाबा मागे बसता बसता त्याला हिंदीत सांगतात, की पोरांनी सूड उगवलाय, आणि आज रात्री खाली त्यालाही ती नावं ऐकावी लागणार.