ब्राउझरची श्रेष्ठता : वेग की मानके?

संकेतस्थळाची सांकेतिक भाषा वाचून तिचे दृश्य पानात रूपांतर करणारी आज्ञावली म्हणजे ब्राउझर होय. सर्वोत्तम ब्राउझर कोणता, या वादात सामान्यतः वेग व सुविधा यांचीच तुलना होते; हे रूपांतर प्रत्यक्ष करणारे इंजिन मात्र दुर्लक्षित राहते. क्रोम, ऑपेरा व (२०२० पासून) एज यांचे बाह्यरूप भिन्न असले, तरी त्यांचे इंजिन ब्लिंक हेच आहे. त्यांच्यातील निवड ही बव्हंशी आवडीनिवडीची बाब ठरते. सफारीचे वेबकिट आणि फायरफॉक्सचे गेको ही काय ती दोन प्रमुख वेगळी इंजिने.

एकाच ब्राउझरच्या वर्चस्वाची किंमत मराठीने मोजलेली आहे. २००१ मध्ये आलेल्या इंटरनेट एक्सप्लोरर ६ च्या काळात अनेक मराठी संकेतस्थळे युनिकोडऐवजी स्वतःचा खास फाँट वापरीत. तो पानाबरोबर आपोआप उतरत असे. परंतु त्यासाठीचा ईओटी हा फाँटप्रकार केवळ त्याच ब्राउझरला समजे. २००४ मध्ये आलेल्या फायरफॉक्समध्ये तेच पान उघडल्यास देवनागरीच्या जागी रोमन अक्षरे व चिन्हे यांचा गोंधळ दिसे, आणि दोष फायरफॉक्सला दिला जाई! मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर निवृत्त केला. त्या पानांवरील मजकूर मात्र युनिकोडमध्ये रूपांतरित केल्याखेरीज आजही शोधयंत्राला सापडत नाही. महाविद्यालयाने आपले संकेतस्थळ वा प्रवेश-अर्ज करवून घेताना तो किमान दोन भिन्न इंजिनांवर तपासणे अगत्याचे आहे. क्रोम व एज यांवरील तपासणी ही इंजिनाच्या दृष्टीने एकच तपासणी होय.